डेलभाऊची भाऊबीज

बाबांची लाज मला पहिल्यांदा वाटली ती सिंगापुरात, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलपुढच्या रांगेत. नूडल्स विकणाऱ्या बाईला ते पुन्हा पुन्हा विचारत, "नो एग? नो फिश? शुअर?" आणि ती कढईवरून मान वर न करता म्हणायची, "नो फिश ला, अंकल, टोल्ड यू ऑलरेडी." मागे माझ्या शाळेतलं कुणी ना कुणी उभं असायचंच. मग एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांचं मोठ्यानं मराठी बोलणं, लिटिल इंडियात कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणं, ऑफिसातून येताना स्टीलचा डबा पिशवीत खडखडत आणणं. सतराव्या वर्षी माझ्याकडे असल्या लाजांचा भरपूर साठा होता. आता मी लिफ्टमध्ये फोनवर बोलायला लागले की माझा मुलगा कुजबुजतो, "मम्मा, सॉफ्टर ला," आणि मला हसू येतं. ही असली लाज आपोआप जाते. त्याच वर्षीच्या दिवाळीत मात्र मला जी लाज वाटली ती गेली नाही. आणि ती एकट्या बाबांची नव्हती, आमच्या घराची होती.

सेम्बावांगला नवव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट होता. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू, आणि हवा स्वच्छ असली तर त्यांच्या पलीकडे जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डातल्या क्रेनची टोकं दिसायची. पहाटे कोकीळ. इथला कोकीळ गात नाही, कुणीतरी हरवल्यासारखा हाका मारत सुटतो. मग शेजारच्या मलाय आजींचा रेडिओ, मग आमच्या आईचा मिक्सर. बाबा उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं वूडलँड्सला जात. एका मोठ्या अमेरिकन मोटार कंपनीचा तिथे कारखाना होता. गाडी चालवणाऱ्याच्या पुढ्यात जे काटे असतात, वेगाचा, पेट्रोलचा, ते तिथे तयार होत. बाबा पिंपरीतला कारखाना सोडून इथे इंजिनिअर म्हणून आले होते, एम्प्लॉयमेंट पासवर. पास म्हणजे नोकरी आहे तोवर या देशात राहायची परवानगी; नोकरी गेली की सामान बांधायचं. कायम राहता यावं म्हणून पीआरचा अर्ज केलेला होता. घरात सोफ्याचा विषय निघो, मी पुढे काय शिकायचं हा निघो, नाहीतर आईनं माहेरी जाऊन यायचा निघो, तो 'पीआर होऊ दे, मग बघू' या वाक्यापाशी येऊन थांबायचा. मी त्या वाक्यावर वाढले असं म्हटलं तरी चालेल.

डेल आला तो गणपती झाल्यावर. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात याच कंपनीचा जुना कारखाना होता आणि तो तिथे इलेक्ट्रिशियन होता. वूडलँड्सला उत्पादनाची नवी लाइन उभी राहत होती. ती सुरू करून द्यायला त्याला दोन-तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. तिकडे काम जास्त झालंय, त्यातलं जादाचं इकडे करायचं, असं त्याला सांगितलं होतं. उंच, पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा, हसताना खोकल्यासारखा आवाज काढणारा माणूस. तिकडच्या युनियनमध्ये तो वर्षानुवर्षं निवडून येत होता आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तो ते युनियनवर आणून सोडायचा. सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये एकटा कंटाळतो, म्हणून बाबांनी त्याला एका रविवारी घरी जेवायला आणलं.

त्या दिवशी आईनं थालीपीठ लावलं होतं. लोणी तिनं स्वतः काढलं होतं, भरली वांगी होती, ताक होतं. टेबल-खुर्च्या असताना डेल हट्टानं आमच्याबरोबर जमिनीवर बसला. मजेत जेवला, आणि जेवण झाल्यावर त्याला उठताच येईना. बाबांनी एक हात धरला, मी दुसरा, आणि आईनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. "युनियनला सांगू नका हं," डेल म्हणाला, "पुढच्या निवडणुकीत वापरतील." डेलचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे. त्याचं इंग्रजी माझ्या कानात अजून आहे, पण कागदावर उतरवलं की ते कुणा दुसऱ्याचंच वाटतं. मग तो सहज बाबांना म्हणाला, "आर्विन, तुमच्यात कुणी युनियनवाला होता का रे?" बाबांचं नाव अरविंद, त्याच्या तोंडी ते आर्विन झालं आणि मी मेधाची मेडा.

बाबांनी काही तरी थातुरमातुर सांगितलं असतं तर चाललं असतं. पण ते भिंतीला टेकून बसले आणि आजोबांची गोष्ट सांगू लागले. आजोबा पिंपरीला फिटर होते. संपाच्या दिवसांत ते रोज कारखान्याच्या गेटवर उभे राहत. कंपनीनं घरी माणूस पाठवला, कामावर परत या, वरची जागा देतो म्हणून. आजोबांनी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. संप फसला. आजोबांना पुढे कित्येक दिवस कुणी कामावर घेतलं नाही आणि आजी लोकांचे पापड लाटत राहिली. ही गोष्ट मी घरात तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती, पण बाबांनी ती परक्या माणसाला सांगितलेली कधी पाहिली नव्हती. सिंगापुरातल्या आमच्या ओळखीत सगळे मॅनेजर आणि आयटीवाले. तिथे बाबा 'वडील कारखान्यात होते' एवढंच म्हणत. डेलनं सगळं ऐकून घेतलं आणि बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "तरीच," म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, हा माणूस आपला आहे."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. पहिल्या वेळी परत जाताना एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींत तो हरवला होता, म्हणून त्याला एमआरटीपर्यंत सोडायचं काम माझ्याकडे आलं. आईचं आणि त्याचं तर फारच जमलं. आईला इंग्रजी येत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, तीसुद्धा. पण डेलशी ती बोलायची. "ईट, ईट. नॉट स्पायसी." "कॅरोल बॅक पेन गुड?" कॅरोल म्हणजे डेलची बायको. तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिची कंबर कायम धरलेली असायची. आईनं तिच्यासाठी तिळाच्या तेलाची बाटली बांधून दिली आणि "हॉट, देन रब. डेली. नॉट फर्गेट," असं दोनदा बजावलं. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले की डेल हात वर करायचा. "थांब मेडा, आमचं चाललंय व्यवस्थित." आई त्याला डेलभाऊ म्हणायची. भाऊ म्हणजे ब्रदर, हे तिनंच त्याला शिकवलं, आणि मग तो तिला 'सिस' म्हणू लागला. आईला सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीत दिसणाऱ्या चंद्राला ओवाळायची. आभाळ असलं तर नुसतंच त्या दिशेनं.

दिवाळी जवळ आली होती तेव्हा डेल एकदा जेवताना गप्प होता. आईनं विचारलं, "यू सिक?" मग त्यानं सांगितलं. तिकडे कंपनीनं जुन्या कामगारांपुढे एक देकार ठेवला होता: एकरकमी पैसे घ्या, नोकरी आपणहून सोडा. युनियननं सांगितलं होतं, ज्यानं त्यानं आपलं आपण ठरवावं.

"म्हणजे व्हीआरएसच की," आई मला म्हणाली.

"पैसा वाईट नाही," डेल म्हणाला. "पण सगळ्या जुन्यांनी घेतला तर युनियन राहते कुठे? आणि युनियन गेली की प्लांट किती दिवस? मी पोरांना सांगत आलोय, आपण राहिलो तर प्लांट राहील." मग बाबांकडे न बघता, भाकरीचा तुकडा मोडत तो पुढे म्हणाला, "पण प्लांट बंदच होणार असेल, तर गोष्ट वेगळी. मग आज जे देतायत तेही मिळणार नाही. कुलूप लागल्यावर हातात काही यायचं नाही."

बाबांनी त्याच्या वाटीत आमटी वाढली.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आई आणि मी बांबूवरचे कपडे काढत होतो. बाबा नुकतेच आले होते आणि पाणी पीत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आई म्हणाली, "मी म्हणते, या वर्षी डेलभाऊंना ओवाळते. भाऊबीज रविवारी घेऊ." परदेशात आमचे सगळे सण रविवारीच यायचे.

"नको," बाबा म्हणाले.

"का? त्यांना आवडेल."

"नको म्हटलं ना. इतकं जवळ करू नकोस."

आई चिमटे काढायची थांबली. बाबांनी भांडं खाली ठेवलं आणि, मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षातही नसल्यासारखं, सांगून टाकलं. तिकडचा प्लांट बंद होणार होता. जादाचं काम वगैरे काही नव्हतं. सगळंच काम इकडे येणार होतं. तिकडची यंत्रं खोक्यांत भरून जहाजानं वूडलँड्सला यायची होती आणि ती कुठे बसवायची याचा आराखडा बाबाच करत होते. डेल जी लाइन लावून देत होता ती त्याच्याच गावाची लाइन होती.

"मग त्यांना सांगा ना," आई म्हणाली.

"कसं सांगू? लिहून दिलंय मी, बाहेर बोलणार नाही म्हणून. बाहेर गेलं की पहिलं माझंच नाव येईल. पास त्यांच्या हातात आहे. पीआर लटकलंय. हिचं शिक्षण." त्यांनी माझ्याकडे हात केला, म्हणजे मी आहे हे त्यांना माहीत होतं.

"तुमचे वडील असते तर..."

"वडिलांचं काय झालं ते मी पाहिलंय," बाबा म्हणाले. "तू नाही पाहिलंस. पापड मी पोचवत होतो घरोघर."

आईनं उरलेले कपडे काढले, घड्या घातल्या. मला वाटलं विषय संपला. पण शनिवारी ती मला घेऊन लिटिल इंडियात गेली. रस्ताभर दिवाळीचे दिवे लावले होते आणि माणसांना चालायला जागा नव्हती. तिनं डेलसाठी एक शर्ट घेतला, सगळ्यात मोठ्या मापाचा, आणि नवं निरांजन घेतलं. मी विचारलं, "बाबा नको म्हणाले ना?" ती म्हणाली, "बोलावून झालंय माझं." तिच्या मनात नक्की काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. ओवाळल्यावर बाबांना खोटं बोलवणार नाही, असं तिला वाटलं असेल. किंवा आपल्याला करता येण्यासारखं तेवढंच आहे, असं.

रविवारी डेल अंघोळ करून, केस चापूनचोपून आला. पाटावर बसवलं तर पुन्हा उठवावं लागेल म्हणून आईनं त्याला खुर्चीतच बसवलं. कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता. निरांजनाचं तबक फिरवताना तिचे डोळे भरले होते. डेलनं तिला ओवाळणी म्हणून एक पाकीट दिलं आणि एक छोटी डबी. डबीत त्याच्या युनियनचा बिल्ला होता, निळ्या मीनाकामाचा. "हा माझा पहिला," म्हणाला. "कॅरोलला विचारून दिलाय." मी ते आईला मराठीत सांगितलं. आईनं बिल्ला तिथल्या तिथे साडीला लावला.

मग बासुंदी-पुरी. फराळाचं ताट. डेलला करंज्या फार आवडल्या. पहिली वाढणी झाल्यावर त्यानं हात पुसले, खुर्ची बाबांकडे वळवली आणि म्हणाला, "आर्विन, आता मी घरचा झालो ना? मग घरच्यासारखं सांग. या आठवड्यात मला उत्तर द्यायचंय. तू त्या मीटिंगांना असतोस. तिकडे कुलूप लागणार आहे का?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि तो खाली ठेवताना अगदी सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "माझ्या माहितीत तसं काही नाही, डेल. तुमचा प्लांट मोठा आहे. आम्ही फक्त जादाचं काम घेतोय."

मी लहानपणापासून बाबांना खोटं बोलताना ऐकलेलं होतं. सगळेच बाप बोलतात तसं, घरी असून नाही म्हणून सांगणं वगैरे. पण असं नाही. त्यांचं इंग्रजी त्या क्षणी इतकं स्वच्छ होतं. एकही शब्द अडखळला नाही. ज्या इंग्रजीची मला हॉकर सेंटरात लाज वाटायची ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

डेलनं मोठा श्वास सोडला. "बस्स," म्हणाला. "एवढंच हवं होतं." आणि त्यानं आईपुढे वाटी धरली. "सिस, आणखी थोडी." आईनं बासुंदी वाढली. डाव वाटीवर आपटला आणि टेबलावर सांडलं. तिनं ते पदरानंच पुसलं.

नेहमीप्रमाणे मी त्याला सोडायला निघाले. लिफ्टमध्ये तो शीळ घालत होता. खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीच्या तळच्या मोकळ्या जागेत, कुणा मलाय मुलीच्या लग्नाचे मंडप बांधत होते, ते बघत तो रमतगमत चालला होता. "कॅरोल आत्ता झोपलेली असेल," म्हणाला. "उठली की आधी तिला सांगतो. मग पोरांना. आमच्या खात्यातले सगळे माझ्या उत्तरासाठी थांबलेत, मेडा. आता छातीवर हात ठेवून सांगता येईल, राहा म्हणून. तुझा बाप भला माणूस आहे."

फार विचार करून मी बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. 'तुझा बाप भला माणूस आहे' हे मला ऐकवेना, एवढंच. मी म्हटलं, "ते खरं नाहीये. प्लांट बंद होणार आहे. मशिन्स इकडे येणार आहेत. बाबांनीच आईला सांगितलं, माझ्यासमोर."

तो थांबला. मंडपवाल्यांच्या हातातले लोखंडी पाइप आदळत होते. त्यानं माझ्याकडे खाली वाकून पाहिलं, रागानं नाही, एखादं मूल पडलं की लागलं का ते बघावं तसं. मग म्हणाला, "चल. विचारू त्याला."

आम्ही परत वर गेलो. बाबा सोफ्यावर बसले होते. आई ताटं आवरत होती, बिल्ला तिच्या खांद्यावर तसाच होता. डेल दारातच, बूट न काढता उभा राहिला. बूट न काढता तो आमच्या दारात पहिल्यांदाच उभा होता. "आर्विन, ही पोरगी म्हणते की प्लांट बंद होतोय. तुझ्या तोंडून ऐकलं म्हणते."

बाबा हसले. कुणी लहान मुलाचा गमतीदार किस्सा सांगितल्यावर हसतात तसे. "अरे, आम्ही मराठीत काही तरी बोलत होतो, दुसऱ्याच एका कंपनीबद्दल. तिनं अर्धवट ऐकलं असणार. लहान आहे ती." आणि त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, त्याच सुरात, माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आता एक शब्द बोलू नकोस. आपल्याला इथून जावं लागेल."

डेलला वाटलं असेल, बाप मुलीला लाडानं काही समजावतोय.

तो आईकडे वळला. "सिस? तू सांग."

आईच्या हातात ताटांची चळत होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला प्रश्न कळला होता. तिला कॅरोलच्या कमरेच्या कोणत्या बाजूला दुखतं तेही इंग्रजीत कळलेलं होतं. ती म्हणाली, "सॉरी. नो इंग्लिश."

आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

डेलचा चेहरा पडला, पण संशयानं नाही. आपण या बाईला अवघड जागी उभं केलं, असं त्याला वाटलं असावं. "ओके, सिस, ओके," तो स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाला. बाबांशी त्यानं हात मिळवला. लिफ्टपाशी मी त्याच्या मागे गेले तर त्यानं मला थांबवलं. "मला रस्ता येतो आता." आणि मग फार मायेनं म्हणाला, "मेडा, तू माझ्या काळजीनं बोललीस, कळतंय मला. पण तुझा आजोबा त्या गेटवर उभा होता. त्याचा मुलगा मला फसवणार नाही."

लिफ्टचं दार बंद झालं. मी पॅसेजमध्ये उभी राहिले. शेजारच्या मलाय आजींनी दारातून विचारलं, "युअर अंकल गो होम ऑलरेडी?" मी मान हलवली. अंगावर कुणी तरी काही ओतावं तशी मला लाज वाटत होती. मला खोटं ठरवलं, याची नव्हती ती. तो माणूस आमच्याबद्दल इतकं चांगलं बोलून खाली गेला होता, त्याची होती.

त्यानंतर तो आमच्याकडे एकदाच आला, निरोप घ्यायला, उभ्या उभ्या. आईनं दिलेला शर्ट घातला होता. नोकरी सोडणार नाही असं त्यानं कंपनीला कळवलं होतं, आणि त्याच्या खात्यातल्या बऱ्याच जणांनीही. आईनं त्याला लाडू बांधून दिले आणि एक शब्दही बोलली नाही, कुठल्याच भाषेत.

वसंत ऋतूत, म्हणजे तिकडच्या, प्लांटवर नोटीस लागली. थोड्याच दिवसांनी एका सकाळी आमचा फोन वाजला. बाबांनी घेतला. आम्हाला फक्त त्यांच्याच बाजूचं ऐकू आलं. "यस, डेल... यस... यस." ते नुसते उभे होते, फोन कानाला, मोकळा हात भिंतीवर. शेवटी "यस" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि जाऊन तोंड धुतलं. डेल काय म्हणाला हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. पुढे दुसऱ्या कुणाकडून कळलं, की तो दूरच्या गावी एका गोदामात रात्रपाळीला लागला, आणि युनियनच्या बैठकांना जात नाही. कॅरोलबद्दल काही कळलं नाही.

पीआर त्याच वर्षी झालं. बाबांनी लिटिल इंडियातून पेढे आणले. मी खाणार नाही असं ठरवलं होतं, पण खाल्ले, आणि ते चांगले होते. सोफा आला. मी इथेच शिकले, इथेच नोकरीला लागले, आज पुंगोलला आमचं स्वतःचं घर आहे. ज्या कुणी मला 'तू किती नशीबवान' म्हटलं त्यांना मी हो म्हणत आले. आईनं पुढच्या दिवाळीत चंद्रालाही ओवाळलं नाही. मी निरांजन काढून ठेवलं होतं, तिनं ते परत कपाटात ठेवलं. "भाऊ आहे मला," एवढंच म्हणाली. तिचं ते तोडकंमोडकं इंग्रजीही बंद झालं. दुकानात, दवाखान्यात, शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलातसुद्धा ती माझ्याकडे बघायची आणि मी बोलायचे. नर्सला वाटायचं, हिला येतच नाही.

बाबा कंपनीतच राहिले. वूडलँड्सची लाइनही काही वर्षांनी दुसऱ्या देशात गेली, तेव्हा त्यांनाही कंपनीनं पैसे घेऊन जा म्हणून सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी सही केली. कुणाला विचारलं नाही.

आता ते आमच्याकडेच असतात. संध्याकाळी खाली तलावाकाठी चक्कर मारतात, नातवाशी त्यांच्या इंग्रजीत बोलतात आणि तो त्यांना हसतो. परवा टीव्हीवर बातमी होती, अमेरिकेत मोटार कारखान्यांतल्या कामगारांना पुन्हा तसाच देकार दिलाय म्हणून. पडद्यावर गेटपाशी माणसं उभी होती, हातात फलक, अंगात जाडजूड कोट. बाबांनी आवाज वाढवला. बराच वेळ ते त्या माणसांचे चेहरे बघत राहिले. मग टीव्हीलाच म्हणाले, "घ्या म्हणावं."

एवढ्या वर्षांत मी तो विषय काढला नव्हता. त्या संध्याकाळी काढला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला त्याच्यासमोर खोटं का पाडलंत?"

मला वाटलं, ते पासचं सांगतील, आजीच्या पापडांचं सांगतील. ती उत्तरं मला माहीत होती आणि ती खोटीही नव्हती. पण त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं होतं, तो तुझं ऐकेल. तू सांगितलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. आता मी काही का म्हणेना, तो पोरीचंच खरं मानेल." त्यांनी रिमोट खाली ठेवला. "त्यानं माझं खरं मानलं."

ते खरं बोलत होते की इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी हे रचून ठेवलं होतं, मला कळलं नाही. एखादा प्रश्न आणखी विचारला असता तर कदाचित कळलं असतं. पण ते खरं असावं असं मला इतकं वाटत होतं, की मी विचारलाच नाही.